रुमालाखाली

बी.एड.च्या वहीत माझ्याच अक्षरात अजून आहे:
घंटा, कुत्रा, लाळ.
खाली लाल शाईने अधोरेखित –
उद्दीपक, प्रतिसाद, प्रबलन.
पेपरात सात गुणांना आलं होतं,
सहा मिळाले.

तुर्भ्याच्या शाळेत, चौथी ब मध्ये,
घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा.
तो वाजला की पोरं ताटं घेऊन उठतात,
भागाकार अर्धा टाकून.
खिचडी शिजली नसली तरी उठतात.
एवढ्यापुरतं पुस्तक खरं होतं.

बाकीच्यासाठी मी वाशीहून
सोनेरी ताऱ्यांची डबी आणली,
स्वतःच्या पैशाने.
भिंतीवर तक्ता. बोलण्याआधी हात वर केला – एक तारा.
गृहपाठ – एक. तोंडावर आलेली शिवी गिळली – दोन.
पंधरा दिवसांत वर्ग असा सरळ झाला
की केंद्रप्रमुख दारातच थबकले,
म्हणाले, बाई, करता काय तुम्ही यांना?
मी डबी दाखवली.
त्यांनी शेरेबुकात ‘उपक्रमशील’ लिहिलं
आणि तो शब्द मी दोन दिवस
लिमलेटच्या गोळीसारखा
या गालातून त्या गालात फिरवत राहिले.

मग तक्त्यावरचे तारे गळू लागले.
आधी वाटलं, डिंक कच्चा आहे.
एका सकाळी फळा पुसून वळले तर
मागच्या बाकावर निवास ढेबे आणि आरिफ,
दोघांचे हात एका चौकड्याच्या रुमालाखाली.
चेहरे कोरे, ओठ मिटलेले,
कापडाखाली फक्त बोटं बोलत होती.

निवासचे वडील मार्केटात माथाडी, कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर.
रुमालाखालचा भाव पोराने तिथे पाहिलेला,
पोत्यावर बसून, पाय हलवत,
कुणी शाब्बास न म्हणता.

चौकशीत दर कळले.
खोडरबराला तीन तारे.
खिडकीजवळच्या जागेला आठ.
शुक्रवारी भाव चढायचा,
कारण शनिवारी मी मोजायची.
सातच्या पाढ्याला कायम अडणारा आरिफ
चौघांची उधारी तोंडी सांगत होता,
एक तारा इकडे-तिकडे न होता.

मी ओरडले. अर्थात ओरडले.
शिक्षा त्याच प्रकरणात आहे, पान उलटलं की लगेच.
खिसे रिकामे करायला लावले.
सर्वांत मोठा गिऱ्हाईक निवास,
त्याच्या खिशात एक सुतळी आणि दोन चिंचोके.
‘एवढे घेतलेस, गेले कुठे?’
तो गप्प. आरिफने तक्त्याकडे बोट केलं.

खालून तिसरी ओळ. गोदा वाघमोडे.
आई कांदा निवडायची,
बाप गाडीवरून पडला तसं
दिवाळीतच बिऱ्हाड माण तालुक्यात परत गेलं.
हजेरीत मी रोज तिच्यापुढे ‘गै’ लिहिते,
तक्ता मोजताना तिची ओळ गाळते.
त्या ओळीत एकतीस तारे,
तिरके, थुंकी लावून डकवलेले,
काही आधीच सुटायला आलेले.
‘तिची लाइन मोकळी दिसायची,’
निवास बुटांकडे बघत म्हणाला.

आता टाचणवहीत हे कसं लिहू?
उद्दीपक: एक रिकामी ओळ.
प्रतिसाद: खोडरबर विकलं,
खिडकी विकली.
प्रबलन:
इथे पेनाचं टोक टेकवून बसले,
शाईचा ठिपका तेवढा मोठा झाला.

डबीत अकरा तारे उरले होते.
हात सवयीने तिकडे गेला,
झाकण अर्धं फिरवलंही.
सगळा वर्ग माझ्या हाताकडे बघत होता.
दिला असता, तर सोमवारपर्यंत
प्रत्येकाने कुणाची ना कुणाची ओळ
भरून टाकली असती.

झाकण परत फिरवलं.
बाहेर रुळाचा तुकडा वाजला.
पोरं ताटं घेऊन उठली,
निवासही उठला,
सगळ्यांच्या आधी.